अवकाशयुद्धाच्या पटावरचे अडथळे : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या अवकाशजहाजांच्या खेळात लघुग्रहाच्या घरात शिरलं की फासा टाकायचा आणि १ पडला की जहाज फुटलं, असा नियम आहे. त्या बाजूला कुणी फिरकतच नाही. काय बदलावं?
– एक वाचक, लातूर

उत्तर : फिरकणार तरी कसं? सलग तीन घरं पार करताना १०० पैकी ४२ वेळा जहाज जातं, आणि जपून, सावकाश गेलं तरी धोका तेवढाच. नियमात वेगाचा हिशेबच नाही, खरी चूक ती आहे.

असं करून बघा. लघुग्रहाच्या प्रत्येक घरात शिरताना एक फासा टाका. त्या पाळीतल्या वेगापेक्षा आकडा जितका कमी पडेल, तितके गुण नुकसान. वेग १ असेल तर धोका नाहीच. वेग ३ ला घरामागे सरासरी अर्धा गुण जातो, वेग ६ ला अडीच. म्हणजे दहा गुणांचं जहाज तीन घरांतून वेग ३ ने गेलं तर सरासरी दीड गुण गमावतं, वेग ६ ने गेलं तर साडेसात. आता पाठलाग करणाऱ्याला वेग आवरायचा की जहाज पणाला लावायचं, हे ठरवावं लागतं.

फासे चाल संपल्यावर एकदम टाकू नका, घरागणिक टाका. दुसऱ्याच घरात जहाज फुटलं तर त्याचे अवशेष तिथेच पडायला हवेत, कारण मागून येणाऱ्याची वाट त्याने बदलते. दगडाच्या धडकेत ढालीचे गुण मोजू नयेत असं आमचं ठाम मत आहे; नाहीतर जड जहाजं पट्ट्यातून सरळ नांगरत जातात.

दगडांसाठी क्रशरवरची २० एमएमची काळी खडी उत्तम दिसते. पण ती पटावर चिकटवली की जहाजाची बैठक तिरकी बसते, जहाज कलंडतं आणि मग ते नेमकं कुठल्या घरात होतं यावरून वाद. ४० मिलीमीटरच्या घराएवढा पुठ्ठा कापा आणि खडी त्यावर सुटी ठेवा. जहाज आलं की खडी उचलायची, पुठ्ठा जागेवर राहतो. फ्लेक्सच्या पटावर ओरखडेही उठत नाहीत.

प्रश्न : धूळढगासाठी आम्ही कापूस पसरतो. नेम ढगातून जातो की बाजूने, यावर दर वेळी भांडण होतं.
– एक वाचक, नांदेड

उत्तर : कापूस हलतो, दाबला जातो, त्याला कड नसते. ढगाची हद्द पुठ्ठ्याच्या घरांनीच ठरवा, कापूस शोभेपुरता. मारणाऱ्याच्या घराच्या मध्यापासून लक्ष्याच्या घराच्या मध्यापर्यंत दोरा ताणा. दोरा ढगाच्या जितक्या घरांवरून जाईल तितके नेमाचे फासे कमी. नुसती कड शिवली तर घर मोजायचं नाही. चार घरं झाली की नेम बंद.

प्रश्न : खऱ्या लघुग्रहपट्ट्यात एवढी दाटी नसते ना?
– एक वाचक, बीड

उत्तर : नसते. पायोनियर १० हे यान १९७२–७३ मध्ये तो पट्टा धडधाकट पार करून गेलं. मन मानत नसेल तर पटावर फुटलेला चंद्र किंवा ग्रहाची कडी आहे असं समजा, नियम तेच.

प्रश्न : ग्रहाच्या गुरुत्वाचा नियम कसा करावा?
– एक वाचक, हिंगोली

उत्तर : औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहतेय, तेव्हा हा प्रश्न हिंगोलीहून यावा याचा आनंद वाटला. १९७३ च्या ट्रायप्लॅनेटरी या खेळातली पद्धत आजही सर्वांत सोपी आहे. षटकोनी घरांच्या पटावर ग्रहाभोवतीच्या सहा घरांत ग्रहाकडे रोखलेले बाण काढा. जहाज बाणाच्या घरातून गेलं की पुढच्या पाळीत ते जिथे पोचणार होतं, ती जागा बाणाच्या दिशेने एक घर सरकते.

इथे दोन चुका हमखास होतात. एक, बाण त्याच पाळीत लागू केला जातो. दुसरी जास्त बाधते : एक पाळी वळून जहाज परत जुन्या दिशेला लावलं जातं. सरकलेल्या जागेमुळे झालेली दिशा आणि वेग हेच आता जहाजाची चाल, आणि इंधन खर्चल्याशिवाय ती बदलत नाही. म्हणून प्रत्येक जहाजामागे शर्टाचं एक बटण ठेवा. पुढच्या पाळीत जहाज जिथे पोचेल तिथे आधी बटण, मग बाण पाहून बटण सरकवा, आणि शेवटी जहाज त्यावर न्या. हा नियम ज्या खेळात वेग पुढच्या पाळीत टिकतो तिथेच चालतो; दर पाळीला हवं तसं वळता येत असेल तर बाण काढण्यात अर्थ नाही.