एप्रिलचा .४२० जूनमध्ये जातो कुठं?

प्रश्न : माझा भाचा डॅलसला नोकरीला आहे, त्याच्यामुळं मलाही बेसबॉलचा नाद लागला. एप्रिल उजाडला की तो रोज आकडे धाडतो. अमका .४२० वर आहे, तमका संघ ओळीनं दहा जिंकला. जून लागेपर्यंत त्यातल्या अर्ध्यांचं नावही कानावर येत नाही. हे होतं कसं?
– एक वाचक, सेलू (जि. परभणी)

उत्तर : भाच्याचे आकडे खरेच असतात, घाई त्याला झालेली असते. आधी ते .४२० म्हणजे काय ते बघू, कारण आपलं डोकं क्रिकेटच्या सरासरीत अडकलेलं. इथं धावांचा संबंध नाही. बॅटिंगच्या हजार संधींमागं ४२० हिट, एवढाच अर्थ. हिट म्हणजे चेंडू मारून बॅटर सुखरूप बेसवर पोचला. .२६० वाला बरा, .३०० वाला नावाजलेला. अमेरिकन आणि नॅशनल या तिथल्या दोन सर्वोच्च लीगमध्ये अख्खा सीझन .४०० च्या वर राहिलेला शेवटचा माणूस टेड विल्यम्स, १९४१ साली, .४०६ वर.

आता कागद घ्या. (कॉलेजात संख्याशास्त्र शिकवलंय, खोड जात नाही.) पहिल्या आठवड्यात २० संधी, ८ हिट : .४००. त्यातला एक चेंडू कुंपणाजवळ कुणी उडी मारून झेलला असता तर ७ हिट : .३५०. एका झेलानं ५० अंक गेले! सप्टेंबरअखेर त्याच माणसाच्या ५०० संधी झालेल्या असतात, तेव्हा तोच झेल फक्त २ अंकांचा.

पुढं जाऊ. ३० संघांचे मिळून पावणेतीनशेच्या आसपास नेहमीचे बॅटर धरा. सगळे अगदी सारख्या कुवतीचे, .२६० चे माना. तरी पहिल्या ५० संधींनंतर त्यातले पाच-सहा जण निव्वळ योगायोगानं .४०० वर बसलेले दिसतील. बातमी त्यांचीच होते. आपल्याकडं नव्या सोयाबीनच्या मुहूर्ताला पहिल्या चार पोत्यांना चढा भाव देतात, हार घालतात, पेपरात फोटो येतो. त्या भावानं कुणी आपल्या अख्ख्या खळ्याचा हिशेब लावत नाही.

उदाहरणं हवीत तर घ्या. १९९४ च्या पहिल्याच सामन्यात शिकागो कब्जच्या टफी ऱ्होड्सनं ड्वाइट गुडनसारख्या पिचरला, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याला, लागोपाठ तीन होमरन ठोकले (होमरन म्हणजे बहुतेक वेळा आपल्या षटकारासारखा थेट कुंपणापार). कब्ज तो सामना हरले, आणि ऱ्होड्सचे त्या वर्षीचे एकूण होमरन झाले ८. डेट्रॉइटच्या ख्रिस शेल्टननं २००६ मध्ये पहिल्या १३ सामन्यांत ९ मारले. वर्षाअखेर १६, आणि मधेच त्याला खालच्या लीगमध्ये धाडलेलं. २०२१ मध्ये येर्मिन मर्सेडिसनं सीझनच्या पहिल्या आठही संधींत हिट मारले. १९०० नंतर अशी सुरुवात कुणी केली नव्हती. जुलैत तोही खाली. यात नुसतं नशीब नसतं; पिचर मंडळीही व्हिडिओ बघून याला कुठला चेंडू झेपत नाही ते हुडकतात.

पण ऱ्होड्सला हसू नका. तो पुढं जपानला गेला आणि २००१ मध्ये एका सीझनला ५५ होमरन मारून तिथल्या सादाहारू ओहच्या विक्रमाची बरोबरी केली. आणि २०१६ मध्ये पहिल्या सहा सामन्यांत ७ होमरन मारणारा ट्रेव्हर स्टोरी खरोखरच दमदार निघाला : अंगठ्याच्या दुखापतीनं ९७ सामन्यांवर थांबला, तरी २७.

संघांचं थोडक्यात सांगतो. त्यांचे एप्रिलमधले विजय पुसले जात नाहीत, म्हणून तिथं सुरुवातीला जास्त वजन आहे. १९८८ मध्ये बाल्टिमोर ओरिओल्स पहिले २१ सामने हरले. सहाव्या हारीलाच मॅनेजर बदलला होता, फरक पडला नाही. शेवटी १०७ हारी. उलट वॉशिंग्टन नॅशनल्स २०१९ मध्ये ५० पैकी ३१ हरून बसलेले, आणि त्याच वर्षी वर्ल्ड सिरीज, म्हणजे विजेतेपदाची अंतिम मालिका, जिंकले. सीझनचे १६२ सामने फार असतात हो.

प्रश्न : सर, मी शाळेच्या सॉफ्टबॉल संघात आहे. या मोसमात पहिल्या तीन सामन्यांत माझा एकही हिट नाही. बाई खालच्या क्रमांकावर खेळवायचं म्हणतायत. काय करू?
– आठवीतली एक विद्यार्थिनी, उदगीर (जि. लातूर)

उत्तर : बेटा, हिट मोजू नकोस, स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक होऊन बाद होणं) मोज. बॅटला चेंडू लागतोय आणि समोरच्या मुली झेलतायत, की बॅट हवेतच फिरतेय? बॅटला चेंडू लागतो की नाही, हे थोड्या सामन्यांतही बऱ्यापैकी कळतं. हिटच्या सरासरीला फार वेळ लागतो. आणि मागच्या वर्षीची वही काढ. बाल्टिमोरच्या ख्रिस डेव्हिसला २०१८-१९ मिळून ओळीनं ५४ संधींत एकही हिट मिळाला नव्हता, पण त्याचं २०१८ चं अख्खं वर्षच .१६८ चं होतं, म्हणून ती काळजीची गोष्ट होती. तुझं मागचं वर्ष चांगलं गेलं असेल आणि चेंडू बॅटला लागत असेल, तर वही बाईंना दाखव आणि आणखी दोन सामने वरच खेळू द्या म्हणून विचार. बॅट हवेत फिरत असेल तर मात्र बाईंचं ऐक, आणि सुट्टीत कुणाला तरी हळू चेंडू टाकायला लाव.