वाचकांचे प्रश्न : इंग्रजीचा भूतकाळ

प्रश्न : ऑफिसच्या मेलमध्ये मी 'आय हॅड गॉन टू मुंबई यस्टरडे' असं लिहिते. साहेब दर वेळी 'हॅड' खोडतात. मराठीत 'मी काल मुंबईला गेले होते' हे तर अगदी बरोबर आहे. मग चुकतं कुठे? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : मराठीतलं 'गेले होते' सांगतं की तुम्ही जाऊन परत आलात. इंग्रजी 'हॅड' ते सांगत नाही. भूतकाळातल्या एका घटनेच्याही आधी दुसरी काही घडून गेली होती, एवढंच त्याचं काम. तुमच्या वाक्यात घटना एकच आहे, म्हणून 'आय वेन्ट टू मुंबई यस्टरडे'.

दोन घटना आल्या की 'हॅड'मुळे अर्थच बदलतो. 'व्हेन वी रीच्ड द स्टेशन, द ट्रेन हॅड लेफ्ट' म्हणजे गाडी आधीच सुटली होती, चुकली. 'द ट्रेन लेफ्ट' म्हटलं तर तुम्ही पोहोचलात आणि मग ती सुटली.

लिहून झाल्यावर क्रियापदांखाली रेघ मारा आणि घटना ज्या क्रमाने घडल्या ते आकडे वर घाला. उदाहरणार्थ, 'आय रीच्ड द बँक, ओपन्ड माय बॅग अँड सॉ दॅट आय हॅड लेफ्ट द पासबुक ॲट होम.' आकडे येतात 2, 3, 4, 1. जो आकडा मागे उडी घेतो, तिथेच 'हॅड'. आकडे 1, 2, 3, 4 असे सरळ आले, तर सगळीकडे साधा भूतकाळ पुरतो. 'आफ्टर' किंवा 'बिफोर'मुळे क्रम स्पष्ट झाला असेल तर 'हॅड' गाळलेलंही चालतं. आणि 'हॅड'पुढे तिसरं रूपच हवं : 'हॅड वेन्ट' नाही, 'हॅड गॉन'.

शाळेत तिन्ही रूपांची कोष्टकं घोकून घेतात, पण ती कुठे वापरायची याचा सराव फारच तोकडा असतो. हा आकड्यांचा सराव रोज एका परिच्छेदावर करावा, असं आम्ही आग्रहाने सांगू.

प्रश्न : 'आय हॅव सबमिटेड द फॉर्म ऑन मंडे' यात चूक काय? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : 'मी सोमवारी फॉर्म भरला आहे' हे मराठीत चालतं, पण इंग्रजी 'हॅव'ला सरून गेलेली ठरावीक वेळ चालत नाही. 'यस्टरडे', 'लास्ट वीक', 'टू डेज अगो', 'इन 2019' यांतलं काही आलं की 'आय सबमिटेड'. वार महत्त्वाचा नसेल, फॉर्म भरून झालाय एवढंच कळवायचं असेल, तर वार काढा आणि 'हॅव' ठेवा. 'धिस वीक' मात्र 'हॅव'बरोबर चालतं, कारण आठवडा अजून संपलेला नाही.

प्रश्न : 'आय डिड नॉट वेन्ट' ही चूक तोंडातून जातच नाही. (एक वाचक, बेळगाव)

उत्तर : भूतकाळ 'डिड'नेच दाखवला, म्हणून पुढे मूळ रूप : 'डिड नॉट गो', 'व्हेअर डिड यू गो?' 'वॉज' आणि 'वेअर'ला 'डिड' लागत नाही. 'आय वॉज नॉट ॲट होम' म्हणा. आणि कर्त्याचीच चौकशी असेल तर 'डिड' येत नाही : कोण गेलं, हे विचारताना 'हू वेन्ट?'