केनिलवर्थच्या पडक्या किल्ल्यात भरणारा मध्ययुगीन महोत्सव नातवाला दाखवावा का?

तुम्ही लिहिलंय की उन्हाळ्यात मुलीकडे इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीला येताय, सोबत नऊ वर्षांचा नातू आहे, आणि जवळच्या केनिलवर्थच्या भालाझुंजीच्या (चिलखत घातलेले दोन स्वार घोडे फेकत भाल्यांनी एकमेकांवर चालून जातात ती) दिवसाचं तिकीट काढावं का असा प्रश्न पडलाय. जरूर काढा. मी इथेच राहते, दोनदा जाऊन आलेय.

फक्त झुंजीच्या वेळेला पोचायचं असं करू नका. दार उघडल्याबरोबर आत शिरा आणि आधी किल्ला बघा. तांबूस दगडाचा, बाराव्या शतकातला बालेकिल्ला समोर दिसतो, त्याची उत्तरेची भिंत जवळजवळ अख्खी गेलेली आहे. मला वाटलं होतं पावसापाण्याने ढासळली असेल. पण ती पाडली. इंग्लंडचा राजा आणि पार्लमेंट यांच्यातलं यादवी युद्ध संपल्यावर, १६४९-५० च्या सुमारास, पुन्हा इथून कुणी लढू नये म्हणून पार्लमेंटच्या हुकमाने. किल्ल्याला राखणारा भला मोठा तलावही तेव्हाच रिकामा केला. १८१८ च्या सुमारास इंग्रजांनी आपल्या गडांच्या वाटा नि दरवाजे सुरुंग लावून उडवले ते याच हेतूने. लहानपणापासून गड चढत आले, पण ही रीत त्यांनी आधी स्वतःच्या घरात वापरली होती हे मला त्या भिंतीपाशी उभं राहिल्यावर कळलं. फार वेळ तिथून हलवलं नाही.

त्या तलावाची किंमत नातवाला सांगा. १२६६ साली आत बंडखोर होते आणि राजाच्या फौजेने सहा महिने वेढा घातला होता. पाण्यामुळे किल्ला हाती लागेना. शेवटी भुकेने आणि रोगराईने आतले लोक शरण आले. ज्या बांधाने ते पाणी अडवलं होतं, त्यावरच पुढे भालाझुंजी व्हायच्या. १२७९ मध्ये इथे शंभर सरदारांची मोठी स्पर्धा झाली होती. आता झुंज गवताच्या मैदानात होते, पण आत येताना त्या बांधावरून चालून घ्या.

झुंजीत भाल्याचं टोक हलक्या लाकडाचं असतं, ढालीवर आपटलं की फुटावं म्हणून. फुटतानाचा आवाज मात्र छातीत जाणवतो. लहान मूल दचकतं, पहिल्या फेरीला त्याला मांडीवर घ्या. नंतर तंबूंमध्ये जाळीचं चिलखत हातात देतात. माझ्या मुलाने दोन्ही हातांनी उचललं, कोपरं खाली गेली त्याची, आणि तळव्यांवर लोखंडाचा वास संध्याकाळपर्यंत राहिला. स्वयंपाकाच्या तंबूत मातीच्या भांड्यात वाटाण्याची पेज रटरटत होती. बटाटा, टोमॅटो, मिरची काहीच नाही, कारण तेव्हा ते युरोपात आलेलंच नव्हतं. आपल्याकडेही नव्हतं, हे मी तिथे रांधणाऱ्या बाईंना सांगितलं तेव्हा त्यांना फार आनंद झाला.

बाकी सोयीचं थोडं: छप्पर जवळपास कुठेच नाही, तेव्हा रेनकोट न्याच. बसायला चटई, खायला डबा. तिकीट आधी ऑनलाइन काढलं तर स्वस्त पडतं. केनिलवर्थ स्टेशनपासून किल्ला अर्ध्या तासाच्या चालीवर आहे. गुडघे दुखत असतील तर पहिल्या एलिझाबेथ राणीसाठी बांधलेल्या इमारतीचा जिना तुम्ही चढू नका, नातवाला मुलीबरोबर वर पाठवा. तलाव कुठपर्यंत पसरला होता ते वरून नीट दिसतं.