विहिरीच्या पाण्यातले नायट्रेट: वाचकांचे प्रश्न

केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या वार्षिक अहवालात नायट्रेटचा (खत, शेण, सांडपाणी यांतून पाण्यात उतरणाऱ्या नत्राच्या क्षाराचा) सर्वाधिक उपद्रव असलेले देशातले जे १५ जिल्हे दिले आहेत, त्यांतले ७ महाराष्ट्रातले आहेत: वर्धा, बुलढाणा, अमरावती, नांदेड, बीड, जळगाव आणि यवतमाळ. पाणी तपासणीचा कागद हाती आल्यावर पुढे काय करायचे, असे विचारणाऱ्या पत्रांतले काही प्रश्न घेत आहोत.

प्रश्न: आमच्या विहिरीचे नायट्रेट ७८ आले. पाणी उकळून, गाळून पितो. घरात तीन महिन्यांचे बाळ आहे, त्याला वरचे दूधही द्यावे लागते. एवढी काळजी पुरेशी आहे का? (जि. वर्धा)

नाही. बाळाच्या दुधासाठी हे पाणी आजपासून बंद करा.

पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात नायट्रेटची मर्यादा लिटरमागे ४५ मिलिग्रॅम आहे आणि तिच्यात सवलत दिलेली नाही. उकळल्याने जंतू मरतात, नायट्रेट मात्र उडून जात नाही. उलट एक लिटर पाणी उकळून ८०० मिलिलिटर उरले, तर तुमचे ७८ चे सुमारे ९७ होते. तुरटी, क्लोरीन, कोळशाचा फिल्टर, यूव्ही यांपैकी कशानेही ते निघत नाही.

सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला धोका सर्वांत जास्त. त्याच्या पोटात आम्ल कमी असते, त्यामुळे तिथले जिवाणू नायट्रेटचे नायट्राइट करतात. ते रक्तात गेले की हिमोग्लोबिन ऑक्सिजन वाहून नेईनासे होते. ओठ, नखे निळसर-करडी दिसू लागली, बाळ सुस्त झाले किंवा त्याला धाप लागली, तर घरगुती उपाय करत बसू नका. तडक दवाखाना गाठा आणि विहिरीच्या पाण्याचा आकडा डॉक्टरांना सांगा. निदानाला त्याची मोठी मदत होते. आईच्या दुधाची भीती नको. आईने हे पाणी प्यायले तरी दुधात नायट्रेट फारसे उतरत नाही, म्हणून अंगावरचे दूध चालू ठेवा. वरच्या दुधासाठी तपासलेल्या दुसऱ्या स्रोताचे पाणी आणा आणि तेच उकळून वापरा.

घरात आरओ असेल तर त्याचा पडदा बहुतेक नायट्रेट अडवतो. पण अनेक यंत्रांत चव यावी म्हणून थोडे कच्चे पाणी मिसळणारा टीडीएसचा (पाण्यातल्या एकूण क्षारांचा) स्क्रू असतो. तो उघडा असेल तर गाळलेल्या पाण्यात नायट्रेट परत येते. तो बंद करून घ्या आणि गाळून येणाऱ्या पाण्याची नायट्रेट तपासणी करा. टीडीएस मीटर एकूण क्षार दाखवतो, त्यावरून नायट्रेट कळत नाही. आरओ जे पाणी टाकून देतो, त्यात नायट्रेट साठलेले असते. ते विहिरीच्या कडेला न ओतता झाडांना घाला.

प्रश्न: एकाच विहिरीचे पाणी दोन प्रयोगशाळांत दिले. एकीचा आकडा १४, दुसरीचा ६२. कोणाचे खरे? (जि. जळगाव)

बहुधा दोघांचेही. एकीने 'नायट्रेट-नायट्रोजन', म्हणजे नायट्रेटमधला फक्त नायट्रोजन दिला आहे, दुसरीने अख्खे 'नायट्रेट'. पहिल्याला ४.४३ ने गुणले की दुसरा आकडा येतो: १४ गुणिले ४.४३ म्हणजे ६२. ४५ ची मर्यादा नायट्रेटची आहे, नायट्रोजनच्या हिशेबात ती सुमारे १० होते. म्हणजे १४ वाचून निर्धास्त राहिलात तर फसाल. अहवालावरचे एकक आधी पाहा.

प्रश्न: सुरू हंगामातल्या उसाला एकरी १० गोण्या युरिया टाकतो. विहिरीचे नायट्रेट ६० आहे. ते माझ्याच शेतातून आले का, आणि युरिया कमी केला तर टनेज घटेल का? (जि. सांगली)

मोठा वाटा तुमच्या आणि शेजारच्या शेतांचा असणार. युरिया ओल्या जमिनीत काही दिवसांत अमोनियम होतो आणि पुढच्या दोन-तीन आठवड्यांत त्याचे नायट्रेट होते. अमोनियमवर धन भार असल्याने मातीचे कण त्याला धरून ठेवतात. नायट्रेटवर ऋण भार, म्हणून त्याला कोणी धरत नाही. पाणी जिथे जाईल तिथे ते जाते. आपल्याकडे खाली काळा पाषाण आहे. त्याच्या भेगांतून ते विहिरीत उतरते, आणि उथळ विहिरीत पाण्याचा साठाच थोडा असल्याने आकडा लवकर चढतो.

आता गोण्यांचा हिशेब मांडू. सुरू उसाची शिफारस हेक्टरी २५० किलो नत्र (नायट्रोजन), ११५ स्फुरद (फॉस्फरस), ११५ पालाश (पोटॅश) अशी आहे, म्हणजे एकरी १०० किलो नत्र. ४५ किलोच्या युरियाच्या गोणीत २०.७ किलो नत्र असते. तुमच्या १० गोण्यांतून २०७ किलो जाते, दुपटीहून जास्त, आणि डीएपी (स्फुरद आणि नत्र दोन्ही असलेले खत) घालत असाल तर त्यातले नत्र वेगळेच. स्फुरदासाठी एकरी डीएपीच्या ५० किलोच्या २ गोण्या लागतात, त्यांतून १८ किलो नत्र आपोआप मिळते. उरलेल्या ८२ किलोला युरियाच्या फक्त ४ गोण्या पुरतात.

वाटणी अशी करा. लागणीला डीएपीची १ गोणी, युरिया नाही. सहा ते आठ आठवड्यांनी युरिया २ गोण्या. बारा ते सोळा आठवड्यांनी अर्धी गोणी. मोठ्या बांधणीला, म्हणजे उसाला मातीची भर देताना, डीएपीची दुसरी गोणी आणि युरिया दीड गोणी. पालाश वेगळे द्या. मोठ्या बांधणीनंतर नत्र देऊच नका. उशिरा दिलेल्या नत्राने ऊस हिरवा दिसतो, पण लोळतो आणि साखर उतारा घटतो. माती परीक्षण झालेले असेल तर हे आकडे त्याप्रमाणे कमी-जास्त करा.

आमच्या मते नुकसान गोण्यांच्या संख्येइतकेच देण्याच्या पद्धतीने होते. युरिया सरीत फेकायचा आणि लगेच सरी तुडुंब भरायची, ही सवय सगळ्यात घातक, कारण नुकताच विरघळलेला युरियाही मातीला चिकटत नाही, पाण्याबरोबर थेट खाली जातो. फेकून तसाच वर ठेवला तर अमोनिया होऊन हवेत उडतो. म्हणून पहारीने बुडख्यापासून चार-पाच बोटांवर वीतभर खोल भोके घ्या, त्यांत खत घालून माती लोटा आणि वर हलके पाणी द्या. काळ्या रानाला भेगा पडल्या असतील तर आधी हलक्या पाण्याने त्या मिटवा, वाफसा आल्यावर खत द्या. भेगा उघड्या असताना दिलेले खत मुळांना चुकवून खाली जाते. ठिबक असेल तर हाच युरिया आठवड्याला थोडा थोडा सोडता येतो, मात्र खत गेल्यावर नळ्या धुण्यापुरतेच पाणी चालवा. तासन् तास चालवले की ठिबकातूनही नायट्रेट मुळांखाली जाते.

आणखी एक गोष्ट बहुतेकांच्या हिशेबातून सुटते. तुमच्या विहिरीचे पाणीच खत आहे. पाटाने दिलेली पाण्याची ८ सेंटिमीटरची एक पाळी म्हणजे एकरी सुमारे ३ लाख २० हजार लिटर. लिटरला ६० मिलिग्रॅमप्रमाणे त्यात १९ किलो नायट्रेट, म्हणजे ४.३ किलो नत्र. पाच पाळ्यांत युरियाची एक गोणी झाली! त्यातले काही परत खाली झिरपणार, म्हणून निम्मेच धरा: दर दहा पाळ्यांना एक गोणी कमी करा. इतक्याने टनेज घटू नये. तरी धास्ती वाटत असेल तर पहिल्या वर्षी चार सऱ्यांवर करून वजन घ्या.

प्रश्न: गोठा आणि उकिरडा विहिरीपासून वीस फुटांवर आहे. नायट्रेट शेणाचे की खताचे, हे कसे ओळखावे? (जि. बीड)

नुसत्या नायट्रेटवरून कळत नाही. त्याच नमुन्यात क्लोराइड आणि ई-कोलाय (विष्ठेतून येणारे जिवाणू) तपासून घ्या. ई-कोलाय सापडले आणि क्लोराइड आसपासच्या विहिरींपेक्षा जास्त असेल, तर शेण-मूत्र किंवा संडासाचा शोषखड्डा हे कारण जवळचे. वीस फूट फारच कमी. उकिरडा उताराच्या खालच्या बाजूला, निदान पन्नास फूट लांब हलवा, तळ फरशीचा करा आणि पावसात वर ताडपत्री टाका. विहिरीला कठडा आणि भोवती सिमेंटचा ओटा हवा, म्हणजे अंगणातले पाणी आत उतरणार नाही.

प्रश्न: नदीतली जलपर्णी खतांमुळेच वाढते का? (जि. कोल्हापूर)

खतांमुळेही, पण गावे-शहरे जिथे सांडपाणी नदीत सोडतात तिथे त्याचा वाटा आधी मोजावा. जलपर्णीला नायट्रेटबरोबर फॉस्फरस लागतो आणि सांडपाण्यात दोन्ही असतात. शेतीचे नायट्रेट हिवाळ्यात, पाऊस नसतानाही, जमिनीतून झिरपणाऱ्या पाण्याबरोबर नदीत येत राहते. काठाला न नांगरलेली गवताची पट्टी ठेवली तर वाहून येणारी माती आणि तिच्याबरोबरचा फॉस्फरस बराच अडतो.

प्रश्न: खत कमी केल्यावर विहीर किती दिवसांत सुधारेल? (जि. नांदेड)

एका हंगामात नाही. मुळांखाली आधीच साठलेले नायट्रेट पुढच्या पावसाळ्यांत उतरत राहते, म्हणून पहिल्या पावसानंतर आकडा वाढलेलाही दिसेल. दरवर्षी मे आणि ऑक्टोबर अशा दोनदा तपासा. पंप दहा-पंधरा मिनिटे चालू ठेवा, स्वच्छ प्लास्टिकची लिटरभराची बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळून भरा, तारीख आणि विहिरीचे नाव लिहा, बर्फात ठेवून २४ तासांत प्रयोगशाळेत पोचवा. ई-कोलायसाठी निर्जंतुक बाटली प्रयोगशाळेतूनच आणा, ती विसळू नका. मेची तुलना मेशी, ऑक्टोबरची ऑक्टोबरशी करा.