कच्च्या रस्त्यावर ट्रेलर न्यायचाय? आधी स्क्रू बघा, उंची नंतर

यावेळी जवळपास सगळे प्रश्न एकाच गोष्टीवर आलेत. डांबरी रस्त्यासाठी बनवलेला ट्रॅव्हल ट्रेलर (गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर) खडीच्या, खड्ड्यांच्या रस्त्यावर न्यायचाय, तर काय काय बदलू? आणि बहुतेकांना सगळ्यात आधी तो उंच करायचाय, कारण फोटोत उंच ट्रेलर भारी दिसतो :) दिसतो खरा, पण ट्रेलर खाली घासून मोडण्यापेक्षा हादऱ्यांनी आतून सैल होऊन जास्त मोडतात. हे डोक्यात ठेवून पुढचं वाचा.

प्रश्न: माझ्या ट्रेलरला दोन अ‍ॅक्सल आहेत आणि पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) अ‍ॅक्सलच्या खालून बांधलेत. ते अ‍ॅक्सलच्या वर घेतले की उंची मिळते म्हणे. करू का?

करता येतं. अ‍ॅक्सलच्या नळीची जाडी अधिक पाट्यांच्या गठ्ठ्याची जाडी एवढी उंची मिळते, म्हणजे साधारण १० ते १३ सेंमी. पण अ‍ॅक्सल उलटा फिरवून बसवायचा नाही हं, बऱ्याच अ‍ॅक्सलना मधे वरच्या बाजूला हलकासा बाक दिलेला असतो, तो खाली गेला की टायर एका कडेने झिजायला लागतात. अ‍ॅक्सल आहे तसाच ठेवून पाटा टेकायची बैठक वरच्या बाजूला नवीन वेल्ड करायची, यू-बोल्ट नवेच घालायचे, जुने एकदा ताणलेले असतात. आणि पाटे नसलेले, आतल्या रबरावर हादरे झेलणारे टॉर्शन अ‍ॅक्सल असतील तर हा सगळा प्रकार विसरा, तिथे अ‍ॅक्सल आणि चासीच्या मधे स्पेसर टाकून उंची घेतात.

उंच केल्यावर हिचचा बॉल (गाडीला ट्रेलर जोडायचा गोळा) पण तेवढाच वर घ्यावा लागतो. नाहीतर ट्रेलरचं नाक खाली जातं आणि पुढच्या अ‍ॅक्सलवर जास्तीचा भार येतो. शिवाय वजन वर गेलं की तिरक्या रस्त्यावर ट्रेलर जास्त डोलतो, हे कोणी सांगत नाही.

माझं मत विचाराल तर पाटे खोललेच आहेत तर खरा पैसा बुशवर (पाट्याच्या टोकाच्या भोकात, म्हणजे डोळ्यात, बसणाऱ्या नळीवर) घाला. कंपनीचे प्लास्टिकचे बुश खराब रस्त्यावर लवकर संपतात, मग बोल्ट पाट्याच्या डोळ्यात थेट घासायला लागतो आणि भोक लांबुळकं होतं. पितळी नाहीतर ब्रॉन्झचे बुश आणि ग्रीस निपलवाले बोल्ट टाका, शॅकलच्या (पाट्याचं टोक चासीला लटकवणाऱ्या) पट्ट्या जाड घ्या. बऱ्याच पाटेवाल्या ट्रेलरना शॉकअप नसतातच, ते बसवून घ्या, फरक पहिल्याच दिवशी कळतो. आणि चासीला जिथे पाट्यांचे हँगर वेल्ड केलेत तिथे आणि पुढच्या त्रिकोणी दांड्याच्या जोडावर टॉर्च मारून बघा, रंगात केसाएवढी रेघ दिसली आणि तिच्यातून गंज डोकावत असेल तर ती तडा आहे, आधी ती, बाकी सगळं नंतर.

प्रश्न: दर वेळी आत धुळीचा थर बसतो. दारंखिडक्या घट्ट बंद असतात, तरी येते कुठून?

खालून. ट्रेलर हवा कापत जातो तेव्हा आतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी होतो आणि मागे उडालेली धूळ मिळेल त्या फटीतून आत ओढली जाते. रात्री आत मोठा दिवा लावा, बाहेर अंधारात ट्रेलरखाली आडवे व्हा. जिथे जिथे उजेड दिसेल ती धुळीची वाट, पाण्याचे पाइप, वायरी, चाकांच्या कमानीचे कोपरे. पाइपभोवतीच्या फटीत ब्यूटाइल टेप (चिकट रबरी पट्टी) भरा, मोठ्या भोकांना पत्रा लावून कडेने सील करा. एवढं करून छतावरची पुढे तोंड असलेली व्हेंट फिल्टर लावून उघडी ठेवली की आत थोडा दाब तयार होतो आणि धूळ शिरत नाही.

एक मात्र लक्षात ठेवा, गॅससाठी खालच्या बाजूला ठेवलेली भोकं कायमची बुजवायची नाहीत. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळती झाली तर तो तिथूनच बाहेर पडतो. प्रवासापुरता कापड-फिल्टर लावला तरी थांबल्यावर काढा, आणि चालताना सिलेंडर बंद.

प्रश्न: कपाटं सुटून पडतात. स्क्रू परत आवळले, दोन दिवसात तेच.

तेच होणार, कारण लाकडातलं भोकच मोठं झालेलं असतं. मी स्वतः एकदा लाटालाटांच्या रस्त्यावरून चाळीसेक किलोमीटर आलो, दार उघडलं तर जमिनीवर स्क्रू विखुरलेले, मधे शांपू सांडलेला, आणि वरचं कपाट एका कोपऱ्यावर लोंबकळतंय. तेव्हापासून कपाटं जोडायला मारलेल्या स्टेपलवर भरवसा नाही. कपाट काढा, जोडांना लाकडाचा ग्लू लावा, कोपऱ्यात लोखंडी एल-पट्ट्या मारा, आणि पातळ प्लायवर नाही तर भिंतीच्या आतल्या सांगाड्यात जाईल असा स्क्रू मारा. जड सामान खाली, चाकांच्या आसपास. वरच्या कपाटात चादरी आणि कपडे.

प्रश्न: टायरमधली हवा किती कमी करायची?

खडीवर साधारण पाचवा ते चौथा हिस्सा. म्हणजे ६५ पीएसआय असेल तर ५० च्या आसपास. पण हवा कमी झाली की टायरची वजन पेलायची ताकद पण कमी होते, त्यामुळे ट्रेलर ठासून भरलेला असेल तर हवेला हात लावू नका, आधी वजन कमी करा. पाण्याची १०० लिटरची टाकी म्हणजे १०० किलो, शेवटच्या मुक्कामाजवळ पाणी मिळणार असेल तर ती भरून कशाला हिंडायचं? हवा कमी केल्यावर वेग पण कमी, आणि डांबरावर आलात की लगेच परत भरा, नाहीतर टायर तापून फाटतो. कॉम्प्रेसर बरोबर ठेवा.

प्रश्न: गाडीची मागची काच फुटली, मागे तर कोणीच नव्हतं!

ट्रेलर होता ना. तुमच्याच मागच्या चाकाने उडवलेला दगड ट्रेलरच्या पुढच्या भिंतीवर आपटून काचेवर परत आला. गाडीला रुंद मडफ्लॅप, ट्रेलरच्या दांड्यावर तिरकी जाळी.

प्रश्न: लाटांच्या रस्त्यावर जोरात नेलं की गाडी तरंगत जाते म्हणतात, मग ट्रेलर पण तसाच न्यावा का?

नको. गाडीला जमेल एक वेळ, पण ट्रेलरचं चाक हवेत उडायला लागलं की ब्रेक लागत नाही, आणि शॉकअप इतके तापतात की आतलं तेल काम सोडतं. हळू चला. चाक बदललं असेल तर पहिल्या ८० ते १६० किमीत नट टॉर्क पान्याने परत आवळा, आणि प्रत्येक नटापासून रिमवर रंगाची एक सरळ रेघ ओढून ठेवा, रेघ तुटलेली दिसली की नट फिरलाय हे उभ्या उभ्या कळतं. दर थांब्यावर चारही हबना (चाकाच्या मधल्या भागाला) हात लावून बघा, एकच बाकीच्यांपेक्षा जास्त गरम असेल तर बेअरिंग जातंय किंवा ब्रेक चिकटलाय. हात लावताना उलटा हात आधी नुसता जवळ न्या. मी एकदा सरळ तळवा टेकवला होता.