गर्भश्रीमंत ‘होता’ येत नाही

प्रश्न : परदेशातल्या एका गर्भश्रीमंत घराण्यातल्या मुलांवरची कुमारवयीनांसाठीची कादंबरी वाचली. पानोपानी नुसती बंगल्यांची वर्णनं. मी लिहिलं, ‘भ्रमनिरास झाला’. मैत्रीण म्हणते, ‘अपेक्षाभंग’ म्हण. कुणाचं बरोबर? (राजारामपुरी, कोल्हापूर)

उत्तर : मैत्रिणीचं. का ते पुढं येईलच, पण आधी ‘गर्भश्रीमंत’. तुम्ही तो नीट वापरलाय, हे आजकाल नवलच. नाहीतर ‘लॉटरी लागली आणि गर्भश्रीमंत झाला’ ऐकून कान किटलेत.

गर्भश्रीमंत म्हणजे लई श्रीमंत नव्हे. आईच्या पोटात असल्यापासून श्रीमंत. शाहूपुरीत आजोबांनी शून्यातून गुळाची अडत उभी केली, तर आजोबा कितीही गडगंज असोत, गर्भश्रीमंत नव्हेत. नातू आहे. पुढं त्यानं सगळं उधळलं, तरी जन्मानं तो गर्भश्रीमंतच. शंका आली की पुढं ‘झाला’ लावून बघायचं. ‘नवश्रीमंत झाला’ चालतं. ‘गर्भश्रीमंत झाला’ म्हणायला परत पोटात जावं लागेल!

घोळ कुठून आला? माझा संशय ‘गर्भरेशमी’वर आहे. गर्भरेशमी शालू म्हणजे निखळ रेशमाचा. त्यावरून ‘गर्भ’ म्हणजे ‘पुरेपूर’ असं लोक धरून चालले असावेत. काही पंडित तर ‘गाभ्यापर्यंत श्रीमंत’ असा अर्थ लावून या चुकीला शिक्का मारून देतात. मग संस्कृतातल्या ‘गर्भदासा’चं काय करणार? तो काय गाभ्यापर्यंत दास? दासीच्या पोटी आला म्हणून दास.

आणि ‘गर्भेश्वर’! बाणभट्टाच्या ७व्या शतकातल्या ‘कादंबरी’त १६ वर्षांच्या चंद्रापीडाला युवराजपदाचा अभिषेक व्हायचा असतो. त्याआधी मंत्री शुकनास त्याला सुनावतो : ‘गर्भेश्वरत्वमभिनवयौवनत्वमप्रतिमरूपत्वममानुषशक्तित्वं चेति महतीयं खल्वनर्थपरम्परा’. जन्मजात ऐश्वर्य, कोवळं तारुण्य, तोड नसलेलं रूप, माणसाच्या आवाक्यापलीकडचं बळ : ही मोठीच अनर्थांची माळ. यातलं एकेकसुद्धा उद्दामपणाचं घर, मग चारही एकत्र आल्यावर विचारूच नका. बाणाच्या याच ग्रंथावरून मराठीनं, आणि शेजारच्या कन्नडनंही, अशा लेखनाला ‘कादंबरी’ म्हटलं. म्हणजे बड्या घरची पोरं हा विषय या शब्दाला मुळातच चिकटलेला आहे. तुमच्या सांगण्यावरून दिसतं की लेखकानं चारांतलं पहिलं तेवढं उचललं, तेही खोल्या मोजण्यापुरतं. अनर्थ राहिलाच.

हां, तुमचा प्रश्न. ‘निरास’ म्हणजे दूर सारणं. निराशेशी त्याचा संबंध नाही. श्रीमंतांची मुलं सुखात असतात हा तुमचा समज त्या पुस्तकानं पुसला असता, तर तो भ्रमनिरास, आणि मग पुस्तक जमलं म्हणायचं. इथं ते जमलेलंच नाही, म्हणून अपेक्षाभंग. आणि ‘भ्रमनिराश’ असं शहामृगातला श घालून लिहिणाऱ्यांशी मी वाद घालत नाही.