आधी सांग, दोरी कुठे बांधणार?

काळाचौकीची चाळ, संडास मजल्याच्या टोकाला, नोकरी अंधेरीला आणि पॅडमुळे जांघा सोलवटलेल्या. पाळीसाठी घरी शिवलेली कापडी पॅड बरी की सरळ कप (योनीत बसवून रक्त साठवणारा) घेऊ, असं विचारलं आहेस. मी नऊ वर्षं कापड वापरतेय. त्यातली पहिली चार वर्षं गिरगावात चाळीतच काढली, नंतर कपाचीही जोड मिळाली. म्हणून आधी माझाच एक प्रश्न: वाळत कुठे घालणार? मुंबईत कापडी पॅड फसतं ते गळण्यामुळे कमी आणि न वाळण्यामुळे जास्त.

माझी पहिली सहा पॅडं मी आठ पदरी शिवली होती, बाळाच्या गादीसारखी. जुलैत दोन दिवस झाले तरी आतून ओली. त्यात लाजेपोटी परकराखाली वाळत घातलेली. कुबट वास यायला लागला, आणि ज्या पुरळापासून पळाले होते तेच दुप्पट झालं. आजीने एक पॅड हातात घेऊन दाबून बघितलं आणि म्हणाली, "आमच्या घड्या उलगडायच्या. हे कसं उलगडणार?" विषय तिथेच मिटला.

तेव्हापासून मी दोन भाग वेगळे ठेवते. खालचं पॅड फक्त दोन पदरी, साधारण 11 इंच लांब, बाजूंच्या पंखांना टिचबटण, आणि दोन्ही टोकांना वरून एकेक आडवी पट्टी शिवलेली. त्या पट्ट्यांखाली घडी सरकवायची. घडी म्हणजे 9 बाय 10 इंचाचा एकेरी तुकडा, तीन पदरी दुमडलेला. पहिल्या-दुसऱ्या दिवशी दोन तुकडे एकावर एक. धुतल्यावर उलगडून दोरीवर रुमालांच्या रांगेत घाल, रुमालासारखाच दिसतो, कोणी वळूनही बघत नाही. ऊन असेल तेव्हा उन्हातच. पावसाळ्यात पंख्याखाली, आणि शेवटी इस्त्री फिरव. किंचित दमट वाटला तरी वापरू नकोस.

कापड जुन्या सुती साडीचं किंवा धोतराचं, नाहीतर बाळाची दुपटी शिवतात ते फ्लॅनेल. सिंथेटिक साडी अजिबात नको. कोरं कापड असेल तर कापण्याआधी दोनदा धू. ते आटतं, आणि खळ असेपर्यंत पाणी धरत नाही. कपडे मऊ करायचं ते सुगंधी द्रावणही यांना लावू नकोस, शोषून घेणं कमी होतं. डाग आधी गार पाण्यात काढायचे. गरम पाण्याने रक्त कापडात पक्कं बसतं. जंतुनाशकाची गरज नाही, उलट आग होते. आणि रात्रभर बादलीत भिजत ठेवायची सवय सोड.

पण हे सगळं घरात. दादरला गाडी बदलून अंधेरीला जाताना पिशवीत वापरलेली घडी घेऊन फिरणं जमतं, पण मला कंटाळा येतो. तिथे कप. लोकांना तो नवीन वाटतो, पण अमेरिकेत त्याचं पेटंट 1937 मधलं आहे. कप बहुधा वैद्यकीय दर्जाच्या सिलिकॉनचा असतो आणि 8 ते 12 तास चालतो, त्यामुळे ऑफिसात बऱ्याचदा हात लावावाच लागत नाही. लागलाच तर पाण्याची छोटी बाटली आत घेऊन जा. हात आधीही धुवायचे आणि नंतरही. काढताना शेपटी धरून ओढू नकोस, बूड चिमटीत दाबून हवा जाऊ दे, मग येतो. पहिले दोन-तीन महिने चिडचिड होईल. म्हणून पहिला प्रयोग रविवारी घरी, आणि सोबतीला घडी. कौमार्याबद्दल घरून ऐकावं लागेल. योनीच्या पडद्यावरून काही सिद्ध होत नाही, एवढं स्वतःपुरतं माहीत असू दे.

तांबी (गर्भाशयात बसवतात ती कॉपर-टी) बसवली असेल तर आधी डॉक्टरांना विचार, कप काढताना ती सरकू शकते. कपावर मिलिलिटरच्या खुणा असतील तर एक फायदा होतो. पूर्ण पाळीत साधारण 30 ते 40 मिली रक्त जातं. 80 च्या वर जात असेल तर तपासणी करून घे. तुझ्या पुरळासोबत खाज किंवा वासाचा पांढरा स्राव असेल तर कपडा बदलून भागणार नाही, तेव्हाही डॉक्टरच.

पैशाचं म्हणशील तर आधी दोन पॅडं आणि सहा घड्या शिव, कप नंतर घे. तो पाळीआधी आणि पाळीनंतर पाच-सात मिनिटं उकळायचा असतो, त्यासाठी पातेली वेगळी ठेव. माझ्याकडे दुधाची एक जुनी ठोकर लागलेली आहे. सासूबाईंनी एकदा तिच्यात चहाचं आधण ठेवलं, तेव्हापासून तिच्या कानाला लाल दोरा बांधलाय.